आकडे त्यांचे, गुडघा माझा

अन्याय झाला तो सविता खिल्लारे हिच्यावर. २००३ सालच्या डिसेंबरातला दुसरा रविवार, सकाळी, ऊन नुकतंच मैदानावर उतरलं होतं तेव्हा. जागा आखाडा बाळापूरच्या बाजारामागचं कबड्डीचं मैदान. सविता खिल्लारे म्हणजे मी, आणि मार बसला तो माझ्या उजव्या गुडघ्याला.

कॉलेजात मी विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहायचे. एसटीच्या पाससाठी, मुलींच्या वसतिगृहातल्या पाण्यासाठी. तिथं शिकवलं होतं की कुणावर, कधी, कुठं हे पहिल्या चार ओळींत सांगून टाकायचं, नाहीतर लोक त्या कागदात भजी बांधतात. म्हणून आधी सांगून टाकलं. बाकीचं सावकाश सांगते. घाईनं सांगायचं बळ आता नाही.

त्या रविवारनंतर मायनं मला नांदेडला नेलं. डॉक्टरांनी गुडघा दोन्ही हातांत धरला, हळूच वाकवला, मग सरळ करायला गेले. तो सरळ झाला नाही. मध्येच अडकला, दाराखाली खडा अडकावा तसा. डॉक्टरांनी पाय खाली ठेवला आणि मायला विचारलं, "मी शिवलेलं तुटलंय. काय केलं हिनं?"

"बैठका मारल्या," माय म्हणाली.

"किती?"

माय माझ्याकडं बघायला लागली. कितव्या बैठकीला तुटलं, हे सगळ्यांनाच विचारायचं असतं. शेजारणींनी विचारलं, बसमधल्या अनोळखी माणसानं विचारलं. मला माहीत नाही. मोजणाऱ्या दुसऱ्या होत्या.

डॉक्टरांनी पुन्हा एकदा सांधा चाचपला. मग म्हणाले, "आता परत शिवण्यासारखं काही राहिलं असेल असं वाटत नाही. काढून टाकावं लागेल."

हे असं का झालं ते सांगायला पाच महिने मागं जावं लागेल.

मी चढाई करायचे. जुलैतली गोष्ट. पावसानं दोन दिवस उघडीप दिली होती, मैदान वरून सुकलेलं आणि खालून ओलं. मी निदान रेषा ओलांडून आत गेले, कोपऱ्यातल्या पोरीनं घोटा धरला. मी अंग फिरवून मध्यरेषेकडं झेप घेतली. अंग फिरलं, पाय चिखलात तसाच राहिला. गुडघ्यातून आवाज आला, ओली काडी मोडावी तसा. हात मात्र रेषेला लागला होता, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून आणखी एक चढाई केली.

संध्याकाळी गुडघा सुजला. सकाळी उठले तर पाय अर्धवट वाकलेला, ना पुढं जाईना ना मागं.

बाबा हंगामात वसमतला हळद शिजवण्याच्या कामाला जातात. आमच्या घरात मीठ संपेल, हळद संपत नाही. डोकं दुखलं हळद, बोट कापलं हळद. बाबांनी हळद-तुरटीचा गरम लेप गुडघ्याला थापला आणि वरून फडकं बांधलं. लेपानं सूज थोडी उतरली, पाय अडकलेलाच. मग शेजारच्या गावातल्या नस बसवणाऱ्या म्हाताऱ्याकडं नेलं. त्यानं पाय ओढला. मी ओरडले, आत काहीतरी सटकलं, आणि पाय एकदम सरळ झाला. बाबा एवढे खूश झाले की त्या म्हाताऱ्याच्या पाया पडायला निघाले. परतीच्या वाटेवर, जीपमधून उतरताना, पाय पुन्हा अडकला.

एका दवाखान्यात एक्स-रे काढला. "हाड एकदम चांगलंय," असं सांगून त्यांनी गोळ्या दिल्या. एक्स-रेत हाड दिसतं, हाडांमधली गादी दिसत नाही, एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं तर माझे काही आठवडे वाचले असते. ते मी इथं लिहून ठेवते, कुणाच्या तरी कामाला येईल.

नांदेडच्या डॉक्टरांनी ते वाक्य सांगितलं. त्यांनी आजाराचं नाव इंग्रजीत घेतलं, मेनिस्कस टेअर, आणि मग दोन्ही मुठी एकावर एक ठेवून दाखवलं. वरची मूठ मांडीचं हाड, खालची नडगीचं. मधे चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. उडी मारली की धक्का त्या खातात. त्यांतली माझी आतल्या बाजूची गादी लांबीत फाटली होती, आणि फाटलेली पट्टी बादलीच्या कडीसारखी उलटून सांध्यात अडकत होती. ह्याला म्हणतात बकेट हँडल टेअर. म्हणून पाय कुलूप लागल्यासारखा व्हायचा. नस वगैरे काही सरकलेली नव्हती.

एमआरआयसाठी औरंगाबादला जावं लागलं. एमआरआय म्हणजे एका नळकांड्यात झोपवून चुंबकाच्या जोरावर आतली चित्रं काढतात. दुखत नाही, पण पत्र्यावर हातोडे पडावेत तसा आवाज येतो. मी डोळे मिटून चढाईच्या वाटा आठवत पडून राहिले.

चित्रं बघून डॉक्टर म्हणाले, "दोन रस्ते आहेत. फाटलेलं कापून काढलं, तर तू लवकर धावायला लागशील. पण गादी कमी झाली की हाडावर हाड घासतं, आणि चाळिशीत गुडघा म्हातारा होतो. दुसरा रस्ता, ते शिवायचं. शिवलं तर सहा महिने खेळ नाही. पण गादी तुझी तुझ्याकडं राहील. वय लहान आहे, जखम कडेला आहे, तिथं रक्त पोचतं. जुळायची शक्यता चांगली आहे."

मी वीस वर्षांची होते. मला पुन्हा चढाई करायची होती, आणि एका वर्षापुरती नाही. मी म्हणाले, "शिवा."

या सगळ्या प्रकरणात माझा पूर्ण स्वतःचा असा हा एकच निर्णय होता.

शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली, तिला आर्थ्रोस्कोपी म्हणतात. गुडघ्याला दोन बारीक छिद्रं पाडून एकातून कॅमेरा आणि दुसऱ्यातून अवजार घालतात. कमरेतून सुई देऊन खालचं अंग बधिर केलं होतं. पडद्यावर मला माझी गादी दिसली, ओल्या नारळाच्या खोबऱ्यासारखी पांढरी. डॉक्टर टाके घालताना गुणगुणत होते. मला त्याचा राग आला नाही, धीर आला.

घरी सोडताना त्यांनी मायला समोर बसवलं. "मांडी घालून बसायचं नाही. उकिडवं बसायचं नाही. बैठका तर अजिबात नाहीत. गुडघा पूर्ण मुडपला की टाक्यांवर ताण येतो. घरी संडास कमोडचा आहे ना?"

"कशाचा?" माय म्हणाली.

"खुर्चीसारखा."

"खुर्चीचा काय अन् बिनखुर्चीचा काय, डॉक्टरसाहेब. आमी रानात जातो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मला वाटतं, त्यांनी असे शेकडो गुडघे शिवले असतील आणि हा प्रश्न त्यांना रोज पडत असेल. ते म्हणाले, "मग खुर्चीला भोक पाडा."

आम्ही पाडलं. आमच्या घरात खुर्ची नव्हती. विहारात कार्यक्रमासाठी प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, त्यांतली एक बसायच्या जागी तडकलेली होती. ती समितीनं दिली. बाबांनी विळा तापवून त्या तड्याचं गोल भोक केलं. वर ठेवायला एक लाकडी फळी तासली. फळी ठेवली की बसायची खुर्ची, फळी काढली की दुसरी.

आता ही खुर्ची रोज पहाटे रानात न्यायची कुणी? मी दोन्ही काखेत कुबड्या घेतलेल्या. माय खुर्ची डोक्यावर उलटी घ्यायची, हातात पाण्याचा डबा, आणि पुढं चालायची. मी मागून. गावातून जावं लागायचं, वरच्या आळीवरून. तिथं ओसरीवर दात घासत बसलेली माणसं असायची.

"काय वं मंगल, पोरीचं सिंहासन कुठं निघालं?"

पहिले काही दिवस माय बोलली नाही. मग एका पहाटे थांबली. खुर्ची डोक्यावर तशीच. म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्या इथून जाताना चपला हातात घेऊन जायच्या. मी खुर्ची घेऊन चालले. जरा तर सुधारणा झाली का न्हाई?"

ओसरीवरचा माणूस चूळ भरायला आत गेला. मी किती तरी पत्रकं लिहिली, त्याच्या जवळ जाणारी ओळ मला सापडलेली नाही.

आमच्या वस्तीतही सोपं नव्हतं. आत्या भेटायला आली, खाली बसली, आणि मी खुर्चीवर. ती मायला म्हणाली, "व्हय गं, म्हातारी माणसं खाली अन् हे लेकरू वर? उद्या सासरी अशीच बसंल काय?"

"सासरी जायला आधी पाय लागतो, आत्या," मी म्हणाले.

"तोंड तर शिवलं न्हाई ना डॉक्टरनं," आत्या म्हणाली, आणि स्वतःच हसली. जाताना पिशवीतलं स्वतःचं जुनं लुगडं घडी करून माझ्या पायाखाली ठेवून गेली.

मग सुरू झाले ते दिवस, ज्यांच्याबद्दल कुणी काही लिहीत नाही. शस्त्रक्रियेचं सगळे विचारतात. त्यानंतरचं विचारण्यासारखं काही नसतंच. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि मांडीचा स्नायू आवळून ती दाबायची. सोडायची. दाबायची. पाय सरळ ठेवून वर उचलायचा, खाली आणायचा. माझी मांडी महिनाभरात वाळल्या काकडीसारखी झाली होती. स्नायू किती लवकर सोडून जातो आणि परत यायला किती आढेवेढे घेतो, हे मला तेव्हा कळलं. पट्टा बांधून झोपायचं. कूस बदलली की जाग. दुपारी घरात कुणी नाही, शेळी आणि मी. शेळीला चारी पायांची मांडी घालून बसता यायचं, आणि मी तिच्याकडं चक्क द्वेषानं बघायचे.

तपासणीला एसटीनं जायचं. पाय सरळ ठेवायचा म्हणजे तो दोन बाकांमधल्या वाटेत यायचा. कंडक्टर ओरडायचा, "पाय आत घ्या बाई." मी म्हणायचे, "वाकत न्हाई." तो म्हणायचा, "मग काहून निघता घराबाहेर?" दर वेळी वेगळा कंडक्टर, वाक्य तेच.

पण गुडघा जुळत होता. नोव्हेंबरातल्या तपासणीला डॉक्टर पहिल्यांदा मनापासून हसले. "सूज नाही, पाय अडकत नाही. फेब्रुवारीपर्यंत थांब. मग हळू धावणं, मग खेळ. घाई केलीस तर मला तोंड दाखवू नकोस."

कुबड्या सुटल्या होत्या. मी चालत होते. गादी माझी माझ्याकडं होती.

आता आमच्या कबड्डीच्या सरांबद्दल. नाव लिहीत नाही, कारण मला एका माणसाला कोपऱ्यात घ्यायचं नाही. सर मैदानाचे, कुठल्या शाळेचे नाहीत. मुलींचा संघ काढला तेव्हा लोकांनी त्यांच्या घरी जाऊन शिव्या दिल्या होत्या. वस्तीतल्या मुली आणि गावातल्या मुली एका माठातलं पाणी पितील, असं त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं आणि स्वतः पहिला पेला माझ्या हातून घेतला. सर वाईट असते तर हे लिहिणं मला सोपं गेलं असतं.

त्यांच्या मैदानाची एक रीत होती. दुखापतीतून परत आलेल्या मुलीनं मैदानाची माती कपाळाला लावायची आणि सगळ्या संघापुढं बैठका मारायच्या. याला म्हणायचं मैदानाला पाय दाखवणं. संघ गोल करून उभा राहायचा आणि एका आवाजात मोजायचा. शेवटी सर तिचा बनियन तिच्या अंगावर टाकायचे. घोटा मुरगळलेल्या पोरी, खांदा दुखावलेल्या पोरी, सगळ्या यातून गेलेल्या. बैठका मारल्या की सांधा मोकळा होतो, भीती जाते, असं सर मानायचे, आणि त्यांच्याआधी त्यांचे सर मानायचे. आम्हा सगळ्यांना ती रीत आवडायची. परत आलेल्या मुलीसाठी सगळा संघ ओरडतो, यापेक्षा गोड दुसरं काय असतं?

डिसेंबरात सर घरी आले. बाहेर सायकलला टेकून उभे राहिले. मायनं सतरंजी अंथरली तरी बसले नाहीत, ते कधीच कुणाच्या घरी बसत नसत. म्हणाले, "जिल्ह्याची निवड जवळ आली. सविता, बघायला तरी ये. घरात बसून पोरगं कुजतं."

बघायला म्हणून मी त्या रविवारी गेले. कमल, आमची कर्णधार, धावत आली आणि मला उचलूनच घेतलं. मग सर म्हणाले, "चालतीस तर चांगली. दाखव पाय."

मी म्हणाले, "सर, डॉक्टरांनी बैठका नको म्हणलंय. फेब्रुवारीपर्यंत."

"डॉक्टरनं कधी चढाई केली का?" सर म्हणाले. पोरी हसल्या. "तुला चालताना दुखून राहिलं का?"

"न्हाई."

"मग भीती हाय. भीती मैदानावरच निघती. बघ बुवा, तुझी मर्जी."

पुढं लोक मला म्हणाले, तुला विचारलं होतं ना, तू नाही म्हणायचं होतंस. खरं आहे, विचारलं होतं. सगळा संघ गोल करून उभा, कमलच्या हातात माझा बनियन धुऊन घडी केलेला, सर समोर, आणि मध्ये मी. अशा जागी जे विचारतात त्याला विचारणं म्हणत नाहीत.

मी कपाळाला माती लावली.

पहिल्या काही बैठका बऱ्या गेल्या. पाय थरथरत होते, पण खाली जात होते आणि वर येत होते. पोरींचा आवाज वाढत होता. मला खरंच वाटलं की सर बराबर होते. मग खाली गेलेली असताना आतून टक असा आवाज आला. फार दुखलंही नाही. मला फक्त कळलं की संपलं. मी खालीच बसून राहिले, एक हात मातीवर. पोरींना वाटलं, दमले. त्या मोजत राहिल्या, मला जोर यावा म्हणून पुढचा आकडा आणखी मोठ्यानं म्हणाल्या. त्यानंतरचा आणखी मोठ्यानं. मी उठले नाही तरी दोन-तीन आकडे पुढं गेले.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. गुडघ्याचा नाही, मोजण्याचा.

दुसरी शस्त्रक्रिया जानेवारीत झाली. तीच खोली, तीच सुई, तोच पडदा. या वेळी मी पडद्याकडं पाहिलं नाही. डॉक्टर गुणगुणले नाहीत. फाटलेला भाग कापून काढला, याला म्हणतात पार्शियल मेनिसेक्टमी, म्हणजे गादीचा काही भाग कायमचा गेला. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "थोडी उरलीय. ती सांभाळ."

तोंड दाखवू नकोस म्हणाले होते. पण रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

घरी परत तीच खुर्ची, तोच टॉवेल, दाबायचा आणि सोडायचा. पहिल्या वेळी समोर एक दिवस होता, त्या दिवशी मी खेळणार होते. या वेळी कुणी दिवस सांगितला नाही. डॉक्टर म्हणायचे, बघू. बाबा हळदीच्या कामावरून यायचे, हात पिवळे, आणि माझ्या मांडीचा घेर वितीनं मोजायचे. कधी म्हणायचे, "भरून राहिली." कधी काहीच म्हणायचे नाहीत.

सर आले नाहीत. कमल यायची. एकदा ती रडायला लागली. मी म्हणाले, "तू काहून रडून राहिली? गुडघा तुझा हाय का?" त्यावर ती हसलीही नाही, गेलीही नाही. टॉवेलची गुंडाळी सैल झाली होती, ती तिनं नीट करून परत पायाखाली ठेवली.

पावसाळा संपला तेव्हा डॉक्टरांनी मला एका पायावर उभं केलं, त्याच पायावर उड्या मारायला लावल्या, दुसऱ्या पायाशी तुलना केली. मग म्हणाले, "खेळ. पण चढाईतलं ते फिरणं, ती झेप, ते या गुडघ्याला पेलणार नाही. कोपऱ्यात, पकडीला खेळ. आणि पूर्ण बैठक, या जन्मात नाही."

म्हणजे मी पुन्हा खेळणार होते, आणि पुन्हा चढाई करणार नव्हते. दोन्ही बातम्या एकाच वाक्यात मिळाल्या. कुठलीचं काय करायचं ते मला कळेना, म्हणून मी बसमध्ये झोपून गेले.

मैदानावर गेले त्या दिवशी माय सोबत आली. डोक्यावर खुर्ची. मी म्हणाले, "तिथं कशाला?" ती म्हणाली, "असू दे."

पोरी रीतीप्रमाणं गोल करायला लागल्या. सर सायकलला टेकून उभे होते. मी माती कपाळाला लावली, ती मी लावणारच होते. मग म्हणाले, "सर, मी बैठका मारणार न्हाई. आज न्हाई अन् कधीच न्हाई. बनियन द्यायचा तर द्या."

गोल तसाच. मायनं खुर्ची मैदानाच्या कडेला ठेवली, पदरानं पुसली आणि म्हणाली, "सर, उभे काहून? बसा की. फळी ठेवली हाय, बिनघोर बसा."

एक-दोघी फिसकन हसल्या. सर हसले नाहीत. मग सायकल कमलच्या हातात दिली आणि आले. एक हात खुर्चीच्या पाठीवर, एक मांडीवर, डावा पाय सरळ पुढं काढून, हळूहळू बसले. मी तसं बसणं ओळखते. वर्षभर मी तशीच बसत होते.

"तुमचा कोणता?" मी विचारलं.

"डावा," सर म्हणाले. "तुझ्याच वयाचा होतो. माझा बी असाच वाजला. आमचे सर म्हणले, मोजणं थांबलं की पोरगं थांबतं." गुडघ्यावरून हात फिरवत म्हणाले, "मंग थांबलोच की मी. मैदानावर न्हाई, सायकलवर थांबलो."

सतरंजीवर ते का बसत नसत, हे मला त्या दिवशी कळलं. एवढं ज्याच्या अंगावर गेलं, त्यानं ते पुढच्या पोरीच्या अंगावर का घालावं, हे मला अजून कळलेलं नाही. मी त्यांना माफ केलं असं कुणी समजू नये. मी त्यांच्या हातून बनियन घेतला, एवढंच.

आता मी डाव्या कोपऱ्यात खेळते. सामना झाला की गुडघा सुजतो, बर्फ लावते. थंडीत सकाळी तो माझ्याआधी जागा होतो. जिल्ह्याकडून एकदा खेळले, राज्याला गेले नाही. पोरींनी पकड केली की मी अजून ओरडते, आणि कुणी आपल्या बाजूनं चढाईला निघालं की माझे पाय आपोआप रेषेकडं सरकतात. मग आठवतं.

मायचे आभार इथं मानत नाही. ती म्हणेल, मला वाचता येत न्हाई, तोंडानं सांग. ते सांगितलं आहे.

खुर्ची आता मैदानावरच असते, फळीसकट. दुखापतीतून परत आलेल्या मुलीला तिच्यावर बसवतात, बाकीच्या पोरी माठाकडं जातात, आणि सर किंवा कमल एकटं जाऊन तिला विचारतात, डॉक्टर काय म्हणाले.

तुम्ही हे वाचत आहात म्हणजे तुमच्याही गावात मैदान असेल, रीत असेल आणि परत येणारी एखादी पोर असेल. तुम्ही मोजणाऱ्यांत असाल. उद्याच मैदानाच्या कडेला एक खुर्ची नेऊन ठेवा. पोरीला त्या गोलातून बाहेर काढून विचारा. आणि ती नाही म्हणाली, किंवा खाली बसली आणि उठली नाही, तर पुढचा आकडा उच्चारू नका.